शहनाजची पाळी

गाणी संपली, मी पडद्याआडून खुणावलं, तरी एकही मुलगी स्टेजवरून उतरेना. समोर जिल्ह्याचे साहेब बसलेले.

महाराष्ट्र राज्य तेव्हा नवं होतं. खामगावात कापसाच्या जिनिंगच्या कामगारवस्तीत मी मुलांचं कलाकेंद्र चालवायची. म्हणजे एक खोली, एक ढोलकी आणि वस्तीतली पोरं. ती खोली केंद्राकडे ठेवायची की गोदामाला द्यायची, हे साहेब कार्यक्रम बघून ठरवणार होते.

मी भुलाबाईची गाणी बसवली होती. वऱ्हाडात भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुली ती म्हणतात. शेवटी झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखायचा. रोज वेगळ्या घरचा. तो भाग मी काढून टाकला होता. "वेळ नाही," असं मुलींना सांगितलं होतं.

"उतरा गं!" मी दबक्या आवाजात म्हटलं.

"काऊन बाई?" थोरली गंगू तिथूनच ओरडली. "खाऊ वळखल्याबिगर भुलाबाई उठते का? आज शहनाजची पाळी हाये!"

शहनाज पिंजाऱ्याची पोर. तिनं ओढणीखालून पितळी डबा काढला आणि खडखड वाजवला.

साहेब खुर्चीतून पुढे सरकले. "गोड का खारं?"

"खारं!"

"फुटाणे?"

"नाई!"

"शेंगदाणे? वाटाणे?"

"नाई, नाई! साहेब हारले!"

"थांबा पोरीहो, मी मेहकरचा हाये. इतक्यात नाई हारत!"

गाण्यांनंतर ठेवलेलं पोरांचं लेझीम बघायचं राहूनच गेलं. शेवटी साहेबांनी हात टेकले. डब्यात मीठ लावून भाजलेले चिंचोके होते. एक दाढेखाली कडकड फोडत ते सोबतच्या क्लार्कला म्हणाले, "गोदामाले दुसरी जागा पाहा."

शहनाज डबा घेऊन माझ्याकडे आली. "बाई, घ्या ना."

"आज उपास आहे माझा."

"हाव," म्हणाली आणि तिनं झाकण लावलं.

उपास नव्हता. आता सांगूनच टाकते, वेळही भरपूर होता. पिंजाऱ्याच्या घरचा डबा मला साहेबांपुढे नको होता, आणि माझ्यापुढेही.

पुढच्या भादव्यात खाऊ आणायची पाळी पुन्हा शहनाजवर आली. डबा उघडण्याआधी तिनं अगदी काळजीनं विचारलं, "बाई, आज उपास तं नाई ना?"

मी मूठभर चिंचोके खाल्ले. दात दुखले.

कार्यक्रमातून काही काढायचं असेल किंवा कुणाचा खाऊ नाकारायचा असेल, तर मुलांना खरं कारण सांगावं. खोटं कारण ती वर्षभर लक्षात ठेवतात, आणि वरून आपली काळजीही करतात.