उष्टा वारा

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे कूलरचं गवत बदलणं. मे महिना, रविवार, सकाळचे नऊ. आमच्या फरीदाबादेत नऊलाच गॅलरीची फरशी पायाला चटके देते. मी कूलरची जाळी काढून धरली होती. ती जुनं कुजकं गवत ओढून काढत होती आणि नवं भरत होती.

"नीट धरा हो. जाळी धरलीय की झेंडा?"

"तू भर ना लवकर."

"लवकर भरलं की मधे भोकं राहतात. मग म्हणाल, प्रमिलानं केलं."

गवत भरलं, तारा पिळल्या, मी पाइपनं टाकी भरली आणि तिनं बटण दाबलं. पहिला ओला वास आला तसं तिनं तोंड पुढं केलं आणि डोळे मिटून घेतले. म्हणाली, "हां. आता कसा वारा आला."

त्याच दुपारी ती गेली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी एक गोष्ट केली, तिच्यावरून माझा मुलगा माझ्याशी बोलत नाही. सोसायटीतले लोकही माझ्याशी जरा जपूनच बोलतात. आपल्या मराठी मंडळानं सांगितलं, अंकासाठी वहिनींवर चार ओळी लिहून द्या. मी सातवी शिकलेला माणूस, लिहिण्याची सवय नाही. तरी लिहितो. ती कशी होती हे कळल्याशिवाय मी ते का केलं हे कुणाला कळायचं नाही.

ती गुहागरकडची, खाडीच्या काठची. मी सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी गावचा. मला कोरडं ऊन कितीही चालतं, दमट हवेत मात्र जीव नकोसा होतो. तिचं उलटं. लग्न होऊन ती दिल्लीत आली ती मे महिन्यात. आठ दिवसांत ओठ फुटले, टाचा फुटल्या, नाकातून रक्त आलं. मला वाटलं, ही माहेरी पळणार. ती म्हणाली, "पळायला काय झालं? पण इथली हवा चावते हो. आमची हवा अंगावर हात फिरवते."

मग पाऊस होऊन गेल्यावर ऑगस्ट आला. दिल्लीत तेव्हा जी चिकचिक होते ती इथं राहणाऱ्याला सांगायला नको. कपडे वाळत नाहीत, मीठ पाझरतं, माणसं एकमेकांवर खेकसतात. मी बनियन पिळत बसायचो आणि ही घरभर गुणगुणत फिरायची. केस कुरळे व्हायचे, चेहरा उजळायचा. म्हणायची, "आता कसं माणसांच्या देशात आल्यासारखं वाटतंय." शेजारची बिमला, ती हरियाणाची, कपाळावर हात मारायची. "भाईसाब, आपकी तो उलटी मशीन है."

मशीन म्हणजे माझा धंदा. कस्तुरबा गांधी मार्गाजवळच्या एका सरकारी इमारतीच्या तळघरात मी एसी प्लांटवर ऑपरेटर होतो. तीस वर्षांहून जास्त. दर तासाला आकडे वहीत लिहायचे, पंपाचा आवाज ऐकायचा. लोकांना वाटतं प्लांटमधे गारेगार असेल. बिल्कुल नाही. तिथं मशीन तापतं आणि माणूसही तापतो. गारवा जातो वर, साहेबांच्या केबिनमधे. मी सगळं आयुष्य दुसऱ्यांसाठी गारवा बनवला आणि स्वतः घामाघूम होऊन बसमधून फरीदाबादला आलो.

म्हणून रिटायर झालो त्या उन्हाळ्यात एसी घेतला. आतल्या खोलीत लावला. दार बंद केलं, बावीसवर ठेवला आणि पहिल्यांदा वाटलं की मी साहेब झालो. तिला हाक मारली. ती दारात उभी राहिली, नाक वर करून वास घेतला.

"ही हवा येते कुठून?"

मी समजावलं. बाहेरून येत नाही. खोलीतलीच हवा मशीन ओढतं, गार करतं आणि परत सोडतं.

"तीच ती? परत परत?"

"हो."

"म्हणजे उष्टीच की."

झालं. त्या दिवसापासून एसीचं नाव पडलं उष्टा वारा. कूलर तिला चालायचा, कारण तो बाहेरची हवा आणतो, पाण्यातून आणतो. पंखा चालायचा. लू, म्हणजे इथला उन्हाळ्यातला तापलेला वारा, तोही चालायचा, डोक्यावर ओला पदर घेऊन ती लूमधे गच्चीवर सांडगे घालायची. दिल्लीचं ऊन एका दिवसात सांडगा खडखडीत करतं, याचं तिला फार कौतुक होतं. बाकीच्या बायकाही आपली वाळवणं तिच्याकडे देऊन जायच्या. पण एसी नाही म्हणजे नाही. गुडघे धरतात, घसा बसतो, म्हणायची. आणि खरं कारण वेगळंच सांगायची. "खिडक्या बंद, दार बंद, पडदे बंद. कुणी मेलं तरी कळायचं नाही शेजाऱ्याला." अशी बोलून जायची. तेव्हा मी हसायचो.

पहिल्या वर्षी तिनं प्रयत्न केला. माझ्याजवळ बसायचं म्हणून दुपारी आत यायची. मे महिन्यात स्वेटर, मोजे, कानाला मफलर. एकदा बिमला वाटी मागायला आली आणि बघतच राहिली. "भाभीजी, शिमला घूमने गई हो क्या?" ही म्हणाली, "नहीं बहन, इनके दफ्तर में बैठी हूँ. साहब ने बुलाया है."

मला डुलकी लागली की ती रिमोटनं बावीसचे अठ्ठावीस करायची. मी जागा होऊन परत बावीस. मग मी रिमोट उशीखाली ठेवायला लागलो. एक दिवस ती उठली, स्वेटर काढला, घडी घालून कपाटात ठेवला आणि म्हणाली, "तुमचं तुम्ही थंड व्हा. मी बाहेर आहे."

तेव्हापासून उन्हाळ्याच्या दुपारी आमचे दोन संसार. मी आत, ती गॅलरीच्या दाराशी चटई टाकून. ती म्हणायची, दार तरी किलकिलं ठेवा. मी ठेवलं नाही. गारवा जातो ना बाहेर. मी काम केलेला माणूस, मला माहीत आहे दाराच्या फटीतून किती जातो. उलट खालच्या फटीला मी टॉवेल लावायचो. ती बाहेरून काहीतरी सांगायची, मी आतून हां म्हणायचो. तिलाही माहीत होतं की मला ऐकू येत नाही. एकदा ती बाहेरून ओरडली, "अहो, घराला आग लागलीय." मी म्हणालो, "हां." हा किस्सा तिनं मंडळाच्या हळदीकुंकवात सगळ्यांना सांगितला. तुमच्यापैकी कित्येकींनी ऐकला असेल.

लाइट गेली की मात्र तिची चंगळ. इन्व्हर्टरवर एसी चालत नाही. पाच मिनिटांत मी दार उघडून बाहेर यायचो. ती चटईवर सरकून जागा करायची आणि हातपंखा घ्यायची. मग हळूच, "या. आलात माणसांत." मी बिजलीवाल्यांना शिव्या द्यायचो आणि ती मला वारा घालायची. तिच्या गावची खाडी, भरतीला येणारं पाणी, खेकडे, असलं काहीबाही सांगायची. आता वाटतं, लाइट आणखी जायला हवी होती.

तर तो रविवार. कूलर झाला, आंघोळी झाल्या, जेवलो. भात, सोलकढी, तळलेली मिरची. दीड वाजता मी आत गेलो. ती म्हणाली, "चहाला हाक मारू का तुम्ही उठाल?" मी म्हणालो, उठतो मी. दार लावलं. टॉवेल लावला.

चार वाजता बाहेर आलो तर ती भिंतीला टेकून बसलेली. कूलर चालू होता. मला वाटलं, डुलकी लागलीय. चहा मीच ठेवला. दोन कप गाळले, एक तिच्यापुढं ठेवला, तेव्हा कळलं.

डॉक्टर म्हणाले, हार्ट. म्हणाले, आत असत्या तरी झालं असतं, फार तर एक-दोन मिनिटांचा खेळ. भले गृहस्थ आहेत. पण तिनं हाक मारली होती का, हे त्यांना सांगता येणार नाही आणि मलाही नाही. मारली असेल तर मला ऐकू आली नाही. एवढंच मला माहीत आहे, आणि ते मी रोज सकाळी उठलो की आधी आठवतो.

मुलगा कॅनडात आहे, मंगेश. त्याला फोन केला. तो म्हणाला, "बाबा, मी निघतोय. परवा पहाटे पोचतो. आईला थांबवा." मी हो म्हटलं. बिमलाच्या नवऱ्यानं धावपळ करून ती पेटी मागवली, काचेच्या झाकणाची, खाली कंप्रेसर असलेली. मे महिन्यात त्याशिवाय इलाज नाही. पेटीला मोठा प्लग लागतो आणि आमच्या घरात मोठा प्लग एकच, आतल्या खोलीत. एसीचा. तो काढला आणि पेटीचा लावला. खोली तीच, फक्त मशीन बदललं. लोक बसले, उठले, गेले. मी खुर्ची घेऊन तिच्याजवळ बसलो.

रात्रीचं मी लिहीत नाही.

सकाळी सहाला उजेड आला तेव्हा काचेवर दव धरलं होतं आणि तिचा चेहरा नीट दिसत नव्हता. मी झाकण थोडं उचललं, हात आत घातला आणि तिच्या कपाळाला लावला. डायलवर चार अंश होते. चार म्हणजे काय हे मला कुणी सांगायला नको. हात लगेच बाहेर काढला, आणि मग माझीच मला लाज वाटली की मला एक क्षण सोसलं नाही.

मंगेशला फोन लावला. तो विमानतळावर बसला होता.

"मंगेश, मी आज नेतो तिला. आत्ताच."

"बाबा, नाही. प्लीज. मी उद्या पहाटे तिथं आहे. एक दिन की तो बात है."

"एक दिवस फार झाला. तिला थंडी सोसत नाही."

"बाबा, तिला आता थंडी वाजत नाही."

"तुला काय माहीत?"

तो रडायला लागला. म्हणाला, "मला आईला बघायचंय. तुम्ही तर रोज बघितलं, मी तीन वर्षांत नाही बघितलं." त्याचं म्हणणं बरोबर आहे आणि तो बोलत नाही तेही बरोबर आहे. मी म्हणालो, "चाळीस वर्षांत या एका बाबतीत मी तिचं ऐकलं नाही रे. आज ऐकतो." आणि फोन ठेवला.

प्लग मीच काढला. कंप्रेसर थरथरला आणि थांबला. मशीन बंद पडताना जो आवाज होतो तो मी आयुष्यभर ऐकला, पण एवढी शांतता कधी झाली नव्हती. बिमला आणि तिचा नवरा आले. त्यांना वाटलं, माझं डोकं फिरलं. "भाईसाब, बेटे का इंतज़ार तो करो," बिमला म्हणाली. मी म्हणालो, "पकड़ो." झाकण काढून आम्ही तिला उचललं आणि चादरीवर ठेवलं. मी खिडकी उघडली, पडदे ओढले, दार सताड उघडलं. बाहेरची गरम हवा आत आली.

थोड्या वेळानं तिच्या कपाळावर पाणी जमायला लागलं. मग ओठांच्या वर, मग गळ्याशी, बारीक बारीक थेंब. बिमला तोंडाला ओढणी लावून म्हणाली, "हाय राम, भाभीजी को पसीना आ रहा है."

घाम नव्हता तो. गार वस्तूला बाहेरची हवा लागली की असं पाणी धरतं. तीस वर्षं मी ते पाइपांवर बघितलंय आणि फडक्यानं पुसलंय. बिमला ओढणीनं तिचं कपाळ पुसायला वाकली. मी तिचा हात धरला.

"रहने दो," म्हटलं.

खाली गाडी आली होती, हॉर्न वाजत होता. मी खिडकीतून हात करून त्यांना थांबायला सांगितलं आणि तिच्याशेजारी फरशीवर बसलो.