वाफ्यावरचे टोमॅटो

गंगारामच्या वाफ्यांवर टोमॅटो कुणी लावत नसे. ते आपोआप यायचे. हातखंब्याच्या अलीकडे एका कारखान्याची वसाहत होती. तिथल्या सांडपाण्याचा गाळ तो वाळूच्या वाफ्यांवर सुकवायचा. माणसं टोमॅटो खातात, बिया काही पचत नाहीत. गाळ वाळू लागला की रोपं वर. वसाहतीतल्या बायका नाकाला पदर लावून हसायच्या. गंगाराम म्हणायचा, "हसा, तुमचीच पेरणी हाय."

सुकलेलं सोनखत आसपासचे शेतकरी न्यायचे. सगळ्यात जास्त नेलं त्याच्या धाकट्या बहिणीनं, जनीनं. तिचा नवरा मुंबईला गेला तो पत्रापुरताच उरला होता. वाट्याला आलेली जमीन म्हणजे निव्वळ कातळ. त्यावर डोक्यावरून माती वाहून, भावाचं खत घालून सहा वर्षांत तिनं वीतभर माती केली होती. त्यातल्या लाल माठावर आणि मुळ्यावर तिची दोन मुलं वाढत होती.

शहाऐंशी साली टोमॅटोची रोपं दोन पानांची झाली, पिवळी पडली आणि मेली. गंगाराम गटाराचं एकेक झाकण उघडत वर गेला. यंत्रांच्या भागांना क्रोमचा मुलामा देण्याची शेड दोन वर्षांपूर्वी झाली होती. तिच्यापाशी पाणी पिवळंजर्द निघालं. आदल्या वर्षीही रोपं विरळ आली होती, पण त्यानं मनावर घेतलं नव्हतं. ते खत जनीच्या मातीत गेलं होतं.

तो कारखान्याच्या साहेबांकडे आला तेव्हा मी, त्यांचा टायपिस्ट, तिथंच टाइप करत होतो. साहेबांनी प्रयोगशाळेचा कागद पुढं केला. जंतू तपासले होते, जंतांची अंडी तपासली होती. क्रोमचं विष कुणी शोधलंच नव्हतं.

"टोमॅटो आता रिपोर्ट द्यायला लागले का, गंगाराम?"

मी हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते. 'खत निर्धोक आहे' हे पत्रकही मीच टाइप केलं. कारखान्याविरुद्ध बोलणार कोण? आपलेच दात, आपलेच ओठ.

गंगारामनं खत देणं बंद केलं. गाळ तो पत्र्याच्या छपराखाली साठवू लागला. लोक म्हणाले, चोरून विकत असेल. त्याला त्याचं काही नव्हतं. त्याला जनीकडे जायचं होतं, आणि एकट्यानं जायचा धीर होत नव्हता. म्हणून मी सोबत गेलो.

"जने, भाजी पोरांना देऊ नको. माती काढूया."

"खाली काय हाय, ठाव हाय ना तुला?"

"कातळ."

"तूच दिलंस ना रे खत?"

"मीच दिलं."

ती उठली. स्वतःच फावडं घेऊन आली.

तीन दिवस लागले. ओढ्यात टाकायची नाही, खालच्या भातशेतीत जाऊ द्यायची नाही, म्हणून पाटी पाटी करून सगळी माती गंगारामच्या छपराखाली नेली. शेवटी जनीनं कातळ खराट्यानं झाडला. खाचेत राहिलेली मूठभर माती तिनं पदरात बांधली.

गंगारामनं पाटी पुढं धरली.

"ती पण, जने."

तिनं गाठ सोडली.