नवाबासाठी जमीन

आमच्या काकू कुठेही बसायच्या आधी जमिनीला तळहात लावत. लग्नाचा मांडव असो, देवळातलं कीर्तन असो, नाहीतर स्वतःच्या घरची पडवी असो. आधी हात, मग बैठक. ओल आहे का, खडा टोचतो का, मुंग्या आहेत का, सगळं त्या हाताला कळायचं. मी लग्न होऊन म्हसळ्याहून नागावला आले तेव्हा माप ओलांडून आत पाऊल टाकलं. वाटलं, आता नाव घ्यायला लावणार. तर ह्या बाई माझ्यापुढे वाकून पाटाखालची जमीन चाचपतायत! "बस आता," म्हणाल्या, "बरी आहे." मला हसू आवरेना. आज माझ्या सुना मला हसतात, कारण ती खोड मलाही लागली ती लागलीच.

काकू म्हणजे माझ्या सासूबाईंची धाकटी जाऊ. ऐन उमेदीत नवरा गेला, त्याच्या मागोमाग तान्हं मूल गेलं. मन रमावं म्हणून गाय पाळली, तीही पहिल्याच वेतात गेली. झालं! गावाला तेवढं पुरे. 'हिचा हातगुण वाईट' असं कुणीतरी बोललं आणि ते चिकटून बसलं. मग काकूंना गोठ्यात कुणी जाऊ देईना. बारशाला सगळ्या बायका पाळण्याभोवती, आणि काकू मागे भिंतीला टेकून उभ्या. सासूबाई मनाने वाईट नव्हत्या हो, पण मलाही त्यांनी आल्या आल्या बजावलं, "तुला मूल होईल तेव्हा त्याला हिच्या मांडीवर देऊ नकोस." माझा संताप झाला. पण नव्या सुनेचा संताप तो काय! चार भांडी जोरात आदळली, संपलं.

जीव लावायला दुसरं काही उरलं नाही, म्हणून काकूंनी जमिनीला जीव लावला. तांबडी माती भिजवायची, पसरायची, लाकडी चोपण्याने धपाधप चोपायची, मग शेणाने सारवायची. त्यांनी केलेल्या जमिनीवर सांडलेले तांदूळ खडा न लागता भरून घ्यावेत. लग्न निघालं की नागावात आधी काकूंना बोलावणं यायचं, खळं म्हणजे मांडवाखालचं अंगण करायला. मुंज झाली, लग्न झालं, की त्याच खळ्यावर त्यांना शेवटच्या पंगतीत बसवायचे. "माणूस खोटं बोलेल गं, जमीन नाही बोलत," त्या म्हणायच्या आणि मुकाट्याने जेवायच्या.

आमच्या वाडीची सुपारी न्यायला रेवदंड्याचा एक नाखवा यायचा. त्याचं गलबत पार काठेवाडापर्यंत जायचं. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील, तेव्हाची गोष्ट. दिवाळीनंतर तो आला तो टोपलीत कासव घेऊन. पाठीवर पिवळ्या चांदण्या कोरल्यासारख्या. नाव ठेवलं होतं नवाब. ओट्यावर काकू एकट्याच होत्या. तो म्हणाला, "काकी, ही माझी अमानत हाय. पान्यातला जीव न्हाय हा, सुक्यावरला हाय. आमच्या घरची त्याला बावडीत टाकाया निघाली. वैशाखात परत येतो, तवर सांभाळा."

त्यात त्याच्या घरच्यांची तरी काय चूक? आमच्याकडे कासव दिसलं की विहिरीत सोडायचं, पाणी स्वच्छ राहतं, ही रीतच. सासूबाईही तेच म्हणाल्या. मग टोपली कुणाच्या हातात आहे ते बघून त्यांचा चेहरा पडला. "अगं, परक्याचा जीव! काही बरंवाईट झालं तर गाव काय म्हणेल तुला? हात दाखवून अवलक्षण कशाला?" काकूंनी टोपली खाली ठेवली नाही. बिचाऱ्या नाखव्याच्या कानावर गावची कुजबुज गेलेली नव्हती. काकूंच्या हातात कुणीतरी आपण होऊन जिवंत काही दिलं, ते इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

मग काय विचारता! पडवीच्या कोपऱ्यात पोफळीच्या रिपांचं कुंपण घातलं आणि आत अशी जमीन केली की राजाने पंगत घालावी. काकू बघत बसल्या. नवाबाने डोकं बाहेर काढलं, पाय टेकला आणि तो घसरला. चारी पाय चार दिशांना. उठायला बघतोय, नखं खरवडतायत, पुन्हा पोटावर. तीन-चारदा असं झाल्यावर त्याने पाय आत ओढून घेतले आणि समोरच्या जास्वंदीला तोंड लावायचंही सोडलं. सासूबाई म्हणाल्या, "नाचता येईना अंगण वाकडं, त्यातली गत."

मग सगळ्या शेजाराने अक्कल पाजळली. कासव म्हणजे वाळू, किनाऱ्यावर नाही का येत अंडी घालायला! आम्ही दोघींनी किनाऱ्यावरून वाळू आणली. पानाला चिकटलेली वाळू त्याच्या पोटात जाऊ लागली, डोळ्यांत गेली, डोळे चिकटले. काकूंनी चिमूटभर वाळू जिभेवर ठेवली आणि थुंकली. "खारट आहे गं! हा समुद्राचा नव्हे, हे नाखवा सांगून गेला होता ना? कसलं डोकं माझं!" कोमट पाण्याने त्यांनी त्याचे डोळे पुसले. मग भाताचं तूस आणलं. ते मऊ दिसतं खरं. काकूंनी त्यावर गाल टेकला आणि उठून बसल्या. गालावर ओरखडे. "मला टोचतं, त्याला टोचत नसेल?" आणि वर शिंकांवर शिंका. तूस त्याच दिवशी चुलीत गेलं.

नवाब डोळे उघडेना. त्या दिवशी काकू माझ्याजवळ पहिल्यांदा रडल्या. "लोक खरं बोलतात गं. माझा हातच वाईट." मी चिडले. म्हटलं, "काकू, हात राहू द्या बाजूला. तुम्ही सगळ्यांना विचारलंत, वाळूला विचारलंत, तुसाला विचारलंत. त्याला विचारलंत का?" रागात तोंडाला आलं ते बोलले हो मी, त्यात शहाणपण कसलं! पण काकूंनी पदराने डोळे पुसले, नवाबाला उचललं आणि थेट वाडीत नेऊन सोडलं.

सकाळचं कोवळं ऊन होतं. बराच वेळ तो दगडासारखा. मग एक डोळा किलकिला केला आणि निघाला. पोफळींच्या ओल्या आळ्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. राखेच्या ढिगाला वळसा घातला. थेट वरच्या बांधावर, करवंदीच्या जाळीखाली गेला. तिथली माती कोरडी, भुसभुशीत, वर वाळकी पानं. पुढच्या पायांनी चार फरकाटे मारले, अंग आत घातलं आणि मान लांब करून सुस्कारा टाकल्यासारखा बसला. काकू बांधावर वाकल्या, मातीला हात लावला आणि माझ्याकडे वळून हसल्या. "अंगणच वाकडं होतं गं. त्याचं नाचणं बरोबर होतं."

घरी येऊन त्यांनी कुदळ घेतली आणि पडवीतली स्वतःची जमीन फोडली. गुळगुळीत, बोट फिरवावं अशी जमीन! सासूबाई धावत आल्या, "अगं बाई, डोकं फिरलं का तुझं?" काकू म्हणाल्या, "जाऊबाई, ही मला आवडणारी जमीन आहे. त्याला नको आहे." बांधावरची माती आणली, चाळली, उन्हात तापवली. तिच्यात नारळाच्या सोडणाचा भुगा घातला, पण त्यातला दोरा न् दोरा वेचून. पायाला गुंडाळला तर? शेण नाही, खत नाही, राख नाही. चांगला हातभर थर दिला, वर वाळकी पानं. एका कोपऱ्यात तेवढा पाण्याचा हबका. दुसऱ्या दिवशी नवाबाने जास्वंदीचं अख्खं फूल खाल्लं, तेव्हा काकूंनी ते सगळ्या घराला दोनदा सांगितलं.

मार्गशीर्षात एकदा त्याने भिंतीकडच्या मातीत मागच्या पायांनी खड्डा केला, बराच वेळ तिथेच बसला, मग माती सारखी करून वरून पोटाने दाबू लागला. काकू हसून लोटपोट. "बघ गं, माझ्यासारखी चोपणी करतोय!" कुणाच्या डोक्यात दुसरं काही आलं नाही. नवाबच ना तो!

वैशाखात नाखवा आला. मला तेव्हा सहावा होता. नवाबाला टुकटुकीत बघून तो खूश झाला. काकूंचा चेहरा मात्र उतरला. अमानत ती अमानत. "ह्याची मातीही ने," त्या म्हणाल्या, "ह्या मातीत रुळलाय तो." आणि ओंजळीने टोपलीत माती भरू लागल्या. भिंतीकडची ओंजळ उचलली आणि तशाच थांबल्या. मातीत काहीतरी वळवळत होतं. सुपारीएवढं. पाठीवर पिवळी चांदणी. मग अजून एक.

"या अल्ला!" नाखवा ओरडला. "नवाब न्हाय, ही तर बेगम!"

काकू मटकन खाली बसल्या. जमिनीला हात न लावता! दोन्ही हातांची ओंजळ तशीच छातीशी धरलेली. नाखव्याने त्यातलं एक पिल्लू काकूंनाच ठेवून घ्यायला लावलं. "तुमच्या हातचं हाय, काकी," तो म्हणाला. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं, आणि आत गेल्या.

पावसाच्या आधी मी बाळंतपणाला म्हसळ्याला गेले. मुलगी झाली. दिवाळीच्या सुमारास तिला घेऊन परत आले. हे मुंबईहून रेवसच्या बोटीने आले होते, घर माणसांनी भरलं होतं. बायकांनी मला घेरलं. काकू आपल्या जागी, मागे, भिंतीला टेकून. मी मनाशी पक्कं केलं होतं, आज सासूबाईंशी भांडण झालं तरी चालेल, पण पोर काकूंकडे द्यायची.

माझं भांडण राहूनच गेलं. सासूबाईंनीच पोरीला माझ्याकडून घेतलं, पडवीत गेल्या, एका हाताने तिला सावरत खाली वाकल्या आणि दुसरा तळहात जमिनीवर फिरवला.

"ये, बस इथे," काकूंना म्हणाल्या. "मी बघितलीय जमीन. कोरडी आहे. घे हिला मांडीवर."