आत्यांचा हात आणि भांडी धुणारं कपाट

भांडी धुवायचं मशीन आमच्या हिंजवडीजवळच्या नेऱ्यातल्या घरात आलं ते माझ्या हट्टाने, आणि आलं ते सासूबाईंच्या उजव्या मनगटासाठी. सासूबाईंना मी आत्या म्हणते. आमच्या नगरकडे सासूला तसंच म्हणतात, आणि लग्नानंतर भीत भीत विचारलं तर त्या म्हणाल्या, "म्हण की. काय बिघडतंय." तर या आत्या गोठ्यातल्या ओल्या फरशीवर घसरून पडल्या आणि मनगट मोडलं. प्लास्टर चढलं, उतरलं. डॉक्टर म्हणाले, हाड जुळलंय, पण घासणं, पिळणं, जड उचलणं एकदम बंद. ऐकलं नाही तर मुठीत जोर परत यायचा नाही.

आता मुठीतला जोर ही आमच्याकडे काही लहान गोष्ट नव्हती, कारण गोठ्यात म्हैस होती. पारडी असल्यापासून आत्यांनीच वाढवलेली. दुसऱ्या कुणाच्या हाताला ती पान्हा सोडायचीच नाही. आत्यांचा हात गळ्यात अडकल्यापासून धार काढायचं काम माझ्या नवऱ्याकडे आलं. हिंजवडीच्या कंपन्यांना त्याच्या गाड्या लागलेल्या. ड्रायव्हर आला का, गाडी निघाली का, यातच त्याची सकाळ जाते. तो बादली घेऊन बसला की म्हैस आधी शेपटीने त्याचं तोंड झोडपायची आणि मग तांब्याभर दूध देऊन पाय झाडायची. शेवटी तो वैतागला. "आई, दिवाळीपर्यंत तुझा हात बरा झाला तर ठेवू. नाहीतर मी हिला विकणार. गाड्या बघू का हिचे नखरे बघू?" त्या दिवशी आत्या जेवल्या नाहीत.

मला माझ्या नवऱ्याचं मन कळतं. आमच्या आळीतले बहुतेक गोठे पाडून तिथे खोल्या निघाल्यात आणि त्यात लातूरची, अकोल्याची, कुठकुठची पोरं भाड्याने राहतात. आपल्याही गोठ्याच्या जागेवर खोल्या निघतील, हे तो तोंडाने म्हणत नव्हता, पण फोनवर बोलता बोलता पावलांनी जागा मोजत फिरायचा ना! म्हणून मी ठरवलं, दिवाळीच्या आत आत्यांचा हात बरा करायचाच.

भांड्याला बाई मिळेना. गावातल्या बायका टॉवरमध्ये कामाला जातात, तिथे लिफ्ट आहे, वर पंखा आहे. आमच्या मागच्या मोरीवर उकिडवं बसायला कोण येतंय? आणि मी ऑफिसातून सुटून त्या ट्रॅफिकमधून घरी पोहोचेपर्यंत आत्यांनी सगळं आवरलेलं असायचं. म्हणून मशीन. भावकीतल्या बायका बघायला आल्या. एक चुलत सासू पदराआड हसत म्हणाली, "आता जेवायचं बी यंत्र आण गं बया." मी काहीतरी तिखट बोलणार होते, तेवढ्यात आत्याच म्हणाल्या, "आणंल ती. तुला बी बलावू जेवाया." माझ्या बाजूने त्या घरात कुणी असं फाडकन बोलेल याची मला सवय नव्हती. मी आत जाऊन चहा टाकला आणि उगाच जास्त साखर घातली.

आत्या त्या मशीनला कपाट म्हणायच्या. बटणं खूप, म्हणून मी त्यातल्या एकावर लाल टिकली चिकटवून दिली. भांडी भरायची, साबणाची वडी टाकायची, टिकली दाबायची. पहिले काही दिवस मी सुट्टी काढून स्वतः भांडी लावून दाखवली, ते झकास गेले. मग कपाटाला काय झालं कोण जाणे. ताटं-वाट्या आरशासारख्या निघायच्या, पण कढई तेलकटच्या तेलकट, आणि दुधाच्या पातेल्याला तळाशी साय जशीच्या तशी. मी संध्याकाळी घरी आले की आधी ती कढई हातात घ्यायची आणि बोटाने ओढून बघायची. बोट गुळगुळीत फिरलं की डोक्यात तिडीक जायची.

माझं ऑफिसातलं कामच मुळी चुका शोधायचं, सॉफ्टवेअरमधल्या का असेनात. तेव्हा मी पदर खोचून बसले. तळाची जाळी काढली. मला वाटलं होतं तिथे मोहरी, कढीपत्ता, शेंगदाण्याचं कूट, सगळा स्वयंपाक सापडणार. जाळी कोरी! पाणी फवारणाऱ्या पात्यांची भोकं टाचणीने टोकरली, त्यातही काही अडकलेलं नाही. आमच्या बोअरचं पाणी जड, बादलीला पांढरे पट्टे उठतात. म्हणून पाणी मऊ करायला मशीनमध्ये घालतात ते मीठ संपलंय का पाहिलं. होतं. वडी बदलली. शेवटी माणूस बोलावला. तो अर्धा तास गुडघ्यावर बसून सगळं तपासून म्हणाला, "मॅडम, मशीन एकदम ठीक है." जाता जाता त्याने एवढं सांगितलं की टिकलीवालं बटण दाबलं की मशीन आधी पाणी किती गढूळ झालंय ते बघतं आणि त्यावरून किती वेळ, किती गरम पाण्याने धुवायचं ते स्वतःच ठरवतं. मी म्हटलं, ठरवतंय ना, मग नीट ठरवू दे की! त्याला बिचाऱ्याला माझं मराठी कळलं नसावं.

गंमत म्हणजे रविवारी मी स्वतः भांडी लावली की तेच मशीन कढई चकचकीत काढायचं. आणि दुसरी एक गोष्ट मला खात होती. आत्यांचं मनगट रोज संध्याकाळी सुजायचं. मी विचारलं की "वाईच ठणकतंय" म्हणून त्या विषय बदलायच्या. डॉक्टरांनी हात दाबून बघितला आणि तोंड वाकडं केलं. असंच चाललं तर मूठ अशीच ढिली राहील, म्हणाले. परतीच्या वाटेवर नवरा पुढे बघून गाडी चालवत होता आणि मला माहीत होतं तो काय विचार करतोय.

मग एके दिवशी हिंजवडीच्या रस्त्यावर कसलंसं खोदकाम निघालं आणि सगळं जाग्यावर थांबलं. दोन चौक पार करायला इतका वेळ गेला की मी वैतागून रिक्षातून उतरले, ऑफिसला फोन केला, घरूनच करते म्हटलं आणि शेताच्या कडेच्या वाटेने चालत घरी आले. त्या वाटेने आलं की मागचं दार लागतं. मागच्या पडवीत मोरीवर आत्या बसलेल्या. पुढ्यात राख, हातात नारळाची शेंडी आणि त्या उजव्या हाताने ताट घासत होत्या! बाजूला घासलेली ताटं, वाट्या, पेले ओळीने निथळत ठेवलेले.

"आत्या! काय चाललंय हे?"

त्या दचकल्यासुद्धा नाहीत. "भांडी घासतीय. दिसंना व्हय?"

"मग घरात मशीन कशाला आणलंय? पूजेला?"

"त्याच्यात ठिवायलाच घासतीय की."

मला क्षणभर कळेचना की हसावं का किंचाळावं. मी किंचाळले. "अहो, घासलेली भांडी घासायला कशाला ठेवायची?"

"तर मंग काय खरकटं कोंडून ठिवू त्यात? सकाळचं खरकटं सांजपत्तुर सैपाकघरात? कपाट भरल्याबिगर चालू करू नगं म्हंतीस. माझ्या सासूनं उष्टं ताट कंदी उंबऱ्याच्या आत ऱ्हाऊ दिलं न्हाई. हितं मोरीवर आणायचं, धुवायचं, मंगच आत. आजवर न्हाई मोडलं मी."

"आणि कढई? पातेलं?"

"ती मोरीवर आनाय उचलंनात या हातानं. ती काय उष्टी न्हाईत, डाव्या हातानं तशीच कपाटात सारती."

माझ्या डोक्यात सगळं एकदम जुळलं. ताटं-वाट्या आधीच धुतलेल्या, त्यामुळे पाणी नितळ. मशीनला वाटायचं, आज काही विशेष घाण नाही, थोडक्यात उरकू. आणि तेवढ्यात कढईचा मेणचट थर सुटतोय थोडाच! मशीन बिघडलेलंच नव्हतं. आणि मनगट सुजत होतं तेही त्याच मोरीवर. डॉक्टरांपुढे मान डोलावून आलेली ही बाई रोज दुपारी इथे बसून घरभराची भांडी घासत होती.

"मला सांगायचं तरी ना!" माझा आवाज चिरकला. "पहिल्याच दिवशी सांगायचं, हे असलं चालत नाही म्हणून."

"तुला काय सांगू? तू येवढ्या हौसंनं आणलंस. भावकी हसाय टपलीया. मीच म्हणू व्हय, सुनंचं कपाट मला चालत न्हाई?"

मला राग आला होता आणि त्या बाईच्या गळ्यात पडावंसंही वाटत होतं. रागच आधी बाहेर आला. "तुम्हाला म्हैस ठेवायचीय का नाही, ते सांगा. हात गेला तर म्हैस जाणार आहे."

त्यांच्या हातातली शेंडी थांबली. गोठ्याकडे बघत त्या म्हणाल्या, "ती गेली तर मी पाटंचं उठू कुनासाठी?" मग मान खाली घालून त्यांनी राखेचा हात धुतला. मी त्यांच्याजवळ मोरीच्या कट्ट्यावरच बसले. ऑफिसचा फोन पर्समध्ये वाजत होता, तो वाजू दिला.

मी मनात नवीन नवीन उपाय काढत होते: रोज दोनदा मशीन लावायचं, छोटं मशीन आणायचं, आत्यांना समजवायचं की हे सगळं जुनं झालं. त्यातलं एकही बोलायची हिंमत झाली नाही. आणि आत्या मोरीच्या नळाकडे बघत म्हणाल्या, "कपाट हितं भाईर न्हाई का ऱ्हायाचं? पानी हितं हाय, मोरी हितं हाय. उंबऱ्याच्या भाईर खरकटं असंना का दिसभर. त्याची जागा हीच हाय."

मला ती बाई तेव्हा इतकी आवडली! स्वतःच्या सासूचा शब्द तिने मोडला नाही, माझं मशीन टाकून दिलं नाही, कुणाला नावं ठेवली नाहीत. नुसती एका वस्तूची जागा बदलली. मी असते तर भांडण जिंकायच्या नादात सगळंच घालवून बसले असते.

नवरा कुरकुरला. एवढी चांगली वस्तू पडवीत? लोक काय म्हणतील? पण आईकडे बघून त्यानेच प्लंबरला फोन लावला. प्लंबर आला, वायरमन आला, वर पत्रा बसवला, पुढे ताडपत्री. आता आत्या डाव्या हाताने ताटातलं उरलंसुरलं म्हशीच्या घमेल्यात झटकायच्या आणि ताट तसंच्या तसं कपाटात. कढई मी सकाळी निघताना ठेवून जायची. पहिल्याच संध्याकाळी कढईवरून बोट फिरवलं तर कर्रकन वाजलं. आत्यांनीही बोट फिरवलं. "निगालं की गं," म्हणाल्या आणि पुन्हा एकदा फिरवून बघितलं. हळूहळू सूज ओसरली. डॉक्टरांनी दिलेला रबरी चेंडू त्या गोठ्याच्या दारात बसून दाबत राहायच्या आणि म्हैस रवंथ करत त्यांच्याकडे बघत असायची.

दिवाळी तोंडावर आली आणि एका सकाळी नवरा पौडकडचं एक गिऱ्हाईक घेऊन आला. आम्हा दोघींना न विचारता. म्हैस घेताना समोर धार काढून दाखवायची रीत आहे, दूध किती ते कळतं. आधी नवरा बसला. तिने पाय झाडला. मग गिऱ्हाईक स्वतः बसलं, थेंब नाही. "आटलीया ही," ते म्हणालं, आणि भाव पाडायला सुरुवात केली.

आत्या आतून आल्या. पदर खोचला, गिऱ्हाईकाच्या हातातून धारेची चरवी घेतली आणि म्हशीच्या पोटाशी बसल्या. कुणाकडे बघितलं नाही. दोन्ही हात कासेला लावले. पहिले काही थेंब तुटक तुटक आले. त्या उजवी मूठ पुन्हा पुन्हा आवळत होत्या, ओठ घट्ट मिटलेले, आणि मी मनात म्हणत होते, राहू द्या आत्या, राहू द्या. तेवढ्यात म्हशीने मान वळवून त्यांची पाठ हुंगली. चरवीत सर्र सर्र आवाज सुरू झाला. तो काही थांबेचना. फेस काठापर्यंत आला.

गिऱ्हाईकाचा आवाज एकदम बदलला. "घेतो, घेतो. तुमी म्हनाल तसं." नवरा आईच्या मनगटाकडे बघत होता. आत्यांनी कपाळ म्हशीच्या अंगाला टेकवलं होतं आणि त्यांचे खांदे हलत होते. सासरे गेले तेव्हासुद्धा मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. मग डोळे पुसून त्यांनी भरलेली चरवी उचलायला हात घातला, तर नवरा झटकन खाली बसला आणि चरवी त्यांच्याकडून घेतली. "जड हाय ती. दे, मी घेतो," म्हणाला. एरवी घरात पुण्याचं मराठी बोलणारा तो, आज आईच्याच बोलीत बोलला. चरवी छातीशी धरून तो तसाच आईजवळ बसून राहिला. गिऱ्हाईक थोडा वेळ उभं राहिलं आणि आपल्या वाटेने निघून गेलं. त्याला चहासुद्धा विचारायचं आमच्यापैकी कुणाला सुचलं नाही.