बदलीचा माणूस

रामकृष्ण पाष्टे मस्कतला आला की अल् खुवैरला आमच्याकडे उतरायचा. लांजा तालुक्यात आमची गावं शेजारशेजारची, एवढाच काय तो संबंध; पण परमुलखात तेवढा पुरतो. तो आतल्या भागातल्या एका सरकारी तांत्रिक कॉलेजात रेफ्रिजरेशन आणि एसीचा इन्स्ट्रक्टर होता. गणपतीला आणि ईदच्या सुट्टीत यायचा. "वहिनी, मी जरा पडतो हां," असं म्हणून सोफ्यावर आडवा व्हायचा, तो आरतीची वेळ झाली तरी हलवून उठवावा लागायचा. आजारी वगैरे नव्हता. दमलेला होता, आणि ती दमणूक झोपेने जाणारी नव्हती.

मी एकदा त्याच्याकडे राहून आलो. डोंगर ओलांडला की सपाट, खडीच्या रंगाची जमीन लागते. त्या जमिनीवर पिवळट भिंतींचं कॉलेज एकटंच उभं होतं. पुढे खजुराच्या बागा आणि गाव, मागे काहीच नाही. पहाटे बसगाड्या निघत आणि डोंगरातल्या वस्त्यांवरून पोरांना घेऊन येत. लांबची पोरं हॉस्टेलला. बारावी झालेलं कोणीही यावं, फी नाही. मात्र पहिलं वर्षभर नुसतं इंग्रजी, कारण पुढचं सगळं इंग्रजीत. ज्या पोरांनी मस्कतसुद्धा पाहिलेलं नव्हतं, ती सुदानी मास्तरांकडून इंग्रजी शिकून मग रामकृष्णच्या वर्कशॉपमध्ये यायची. डोक्यावरची भरतकामाची टोपी काढून फळीवर नीट ठेवायची, पांढऱ्या पायघोळ दिशदाशावर ओव्हरऑल चढवायची आणि तांब्याच्या नळ्या जोडायला बसायची. सरावाला यंत्रं कमी पडत म्हणून रामकृष्णने गावातले बिघडलेले फ्रीज आणि मासळीवाल्यांचे फ्रीझर पोरांना आणायला सांगितलं होतं. त्यामुळे गावात त्याला सगळे 'उस्ताद' म्हणून ओळखत. दुकानात गेला की आधी कॉफी, मग सामान.

एक्क्याण्णव साली तो आला तेव्हा 'पाच वर्षं करायची आणि परत जायचं' असं ठरलं होतं. मधे एकदा बायकोला, प्रेमाला, आणि लहान रेवाला त्याने आणलंही. पण जवळपास भारतीय शाळा नव्हती. सर्वांत जवळची शाळा दोन तासांवर. एक हिवाळा काढून दोघी परत गेल्या. प्रेमा जाताना मला म्हणाली होती, "भावजी, इथं माणसं चांगली आहेत हो. पण दुपारी तीन वाजले की मला वाटतं, आता या जगात मी आणि ती पाण्याची टाकी, दोघीच उरलोय."

दोन हजार एकच्या सुमारास सरकारी धोरण बदललं. परदेशी माणसांच्या जागी हळूहळू देशातली माणसं घ्यायची. डीनने रामकृष्णला बोलावून सांगितलं, तुझ्या हाताखाली एक ओमानी इन्स्ट्रक्टर तयार कर, तो उभा राहिला की तू मोकळा. इतर मास्तरांना धसका बसला. रामकृष्णने त्याच संध्याकाळी प्रेमाला फोन केला आणि म्हणाला, "सुटलो."

पहिला आला खल्फान. हुशार, हाताला वळण असलेला. रामकृष्णने जीव ओतून शिकवलं. स्वतः जायचं होतं ना. दोन वर्षांत खल्फान वर्ग घ्यायला लागला. इकडे रामकृष्णने पेटी भरायला घेतली, आणि खल्फान मिठाई घेऊन आला. सोहारला बंदराच्या कामावर नोकरी लागली होती. पगार जास्त, राहायला शहर.

"उस्ताद, तुमच्यामुळे," असं म्हणून त्याने रामकृष्णच्या कपाळाचं चुंबन घेतलं.

डीन म्हणाला, "एक वर्ष फक्त. दुसरा माणूस देतो, इन्शाल्ला."

दुसरा दिला. तोही तयार झाला आणि तोही सोहारला गेला. तिथे कारखाने उभे राहत होते, त्यांना असलीच माणसं हवी होती. राग तरी कोणावर काढायचा? पोरांनी चांगल्या नोकऱ्या धराव्यात म्हणूनच तर ते कॉलेज होतं. रामकृष्ण आमच्याकडे आला की म्हणायचा, "मी चांगलं शिकवतो, हीच माझी अडचण झालीय." त्यावर आम्ही हसायचो. तो हसायचा नाही.

राजीनामा देऊन निघून का आला नाही, असं कोणी विचारेल. मीही विचारलं होतं. तो म्हणाला, "अर्ध्या वर्षात सोडून गेलो तर ती बॅच फुकट जाते रे. ह्या वर्षीची बॅच होऊ दे, मग जातो." दर वर्षी एक बॅच असायचीच.

मग आली जुवैना. कॉलेजने मुलींना वर्कशॉपचे कोर्स खुले केले, तेव्हाच्या पहिल्या मुलींपैकी एक. काळ्या अबायावर निळा कोट घालून पहिल्या दिवशी दारातच उभी राहिली, आत येईना. रामकृष्णने तिच्या हातात नळी कापायचं हत्यार दिलं आणि तो दुसरीकडे बघत राहिला. थोड्या वेळाने ती टेबलापाशी आली. शिकून झाल्यावर कॉलेजने तिलाच सहायक म्हणून ठेवून घेतलं, आणि डीनने रामकृष्णला खूण केली, ही तुझी बदली.

ती दोन-तीन वर्षांत इतकी तयार झाली की रामकृष्ण आजारी पडला तेव्हा तिने आठवडाभर दोन्ही वर्ग सांभाळले. ह्या वेळी जायचं ठरलंच, असं त्याने प्रेमाला कळवलं. तेवढ्यात जुवैना एका सकाळी वर्कशॉपमध्ये आली आणि म्हणाली, "उस्ताद, मला सोहारहून बोलावणं आलंय. मोठ्या प्लँटवर."

रामकृष्ण मला नंतर म्हणाला, की ते ऐकून तो स्टुलावर बसलाच.

"जा की मग," तो म्हणाला.

"बाबा नाही म्हणतात. मुलीने एकटीने तिकडे राहायचं नाही म्हणतात. तुम्ही घरी या. तुमचं ते ऐकतील."

तिच्या मनात दुसरं काही नव्हतं. ती गेली तर ह्याचं जाणं पुन्हा लांबणार, हे तिच्या लक्षातही आलं नसावं. ह्याच्या मात्र आलं होतं. तरीही शुक्रवारी तो तिच्या घरी गेला.

तिच्या बापाची खजुराची बाग होती, शेळ्या होत्या. बोलायला शांत माणूस. बैठकीत खजूर आणि कॉफी झाली. रामकृष्णने मोडक्यातोडक्या अरबीत सगळं सांगितलं: मुलीचा हात कसा चालतो, अशी विद्यार्थिनी आपल्याला कधी मिळाली नाही, सोहारला कंपनीचं मुलींसाठी वेगळं हॉस्टेल आहे, गाडी आहे. म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "उस्ताद, तुम्हाला मुलगी आहे ना?"

"आहे. हिच्याहून जरा लहान."

"कुठे शिकते?"

"गावाजवळच्याच कॉलेजात."

"तिला बाहेर जायचं नव्हतं का?"

रामकृष्णने कप खाली ठेवला. रेवाला पुण्याला इंजिनिअरिंगला जायचं होतं. मार्कही होते. ह्यानेच फोनवरून नको म्हटलं होतं. बाप परदेशात, पोर एकटी शहरात, लोक काय म्हणतील, आईने कोणाकडे बघायचं. ती लांज्यालाच बी.कॉम.ला बसली होती.

"जायचं होतं," तो म्हणाला. "मी पाठवली नाही."

म्हाताऱ्याने मान हलवली आणि त्याचा कप पुन्हा भरला. विषय खलास. दाराआडच्या बायकांत जुवैना होती, तिने सगळं ऐकलं होतं.

जुवैना कॉलेजातच राहिली, आणि पुढच्याच सहामाहीच्या शेवटी रामकृष्णला निरोप दिला गेला. दोन हजार आठ साल होतं. हॉलमध्ये डीन बोलला, पोरांनी लाकडी डब्यात ठेवलेला चांदीच्या मुठीचा खंजीर दिला, सगळ्यांबरोबर फोटो झाले. नंतर वर्कशॉपच्या किल्ल्या द्यायला तो गेला तर जुवैना नव्या मुलींना हत्यारं वाटत होती. किल्ल्या घेताना ती हळूच म्हणाली, "उस्ताद, त्या दिवशी तुम्ही एकदाच खोटं बोलायचं होतं."

"बोललो असतो तरी त्यांनी पाठवलं असतं का?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "आता कळणारही नाही."

ती रागावलेली नव्हती. तिने त्याला पाणी आणून दिलं, गाडीपर्यंत पोहोचवलं. पण मस्कतला विमानाच्या आदल्या दिवशी आमच्याकडे जेवताना तो घास हातात धरून थांबला आणि म्हणाला, "इतकी वर्षं म्हणत होतो, कोणीतरी थांबावं म्हणजे मी जाईन. थांबली ती. कशी थांबली ते बघ."

घरी गेल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याने रेवाला समोर बसवून विचारलं, "तुला पुण्याला जायचंय का अजून? काय शिकायचं ते शीक. मी आहे आता इथे." रेवा तेव्हा शेवटच्या वर्षाला होती. ती म्हणाली, "आता कशाला, बाबा?" आणि चहाचे कप उचलून आत गेली. पुढे तिने बँकेच्या परीक्षा दिल्या आणि तालुक्यातच तिला पतसंस्थेत नोकरी लागली. तिची काही तक्रार नाही. प्रेमा म्हणते, तक्रार केली असती तर बरं झालं असतं, निदान ह्यांना भांडता तरी आलं असतं.

मी नंतरच्या सुट्टीत त्याला भेटायला गेलो. लोक एसी-फ्रीज घेऊन त्याच्याकडे यायचे, आणि तो त्यांना बाजारातल्या पोरांकडे पाठवायचा. त्या दुपारी जुवैनाचा फोन आला. तिचा विभाग मोठा झाला होता, जुना कोल्ड रूमचा प्लँट चालू होत नव्हता. रामकृष्ण बराच वेळ अरबीत, इंग्रजीत, हातवारे करत बोलत राहिला. फोन ठेवल्यावर मी विचारलं, "सुरू झाला का प्लँट?"

"उद्या बघून सांगते म्हणाली," तो म्हणाला, आणि गोठ्यावरचा पत्रा सरळ करायला शिडी घेऊन मागच्या दारी गेला.