पट्टी अजून तिथेच आहे

कुंदाकाकू आज सकाळी गेल्या, आणि बोळिंजच्या आमच्या अख्ख्या कॉम्प्लेक्समध्ये त्यांना ओळखणारं एकच मूल होतं. माझी रेवा.

एकेकाळी माणिकपूरला शाळा सुटली की पोरं आधी काकूंच्या वाचनालयात शिरायची, मग घरी. रिक्षा स्टँडच्या मागची छोटीशी खोली.
आता तिथे केक शॉप आहे.

काकूंचा जीव सातवी-आठवीच्या पोरांवर.
"पऱ्यांचं वय संपलेलं असतं गं त्यांचं. आता खरं सांगणारं पुस्तक द्यायला हवं."

आणि द्यायच्या ती जुनीच. जाडजूड, पिवळी पडलेली, आजोबांच्या पिढीने वाचलेली.
कोणी 'क्लासिक' म्हटलं की चिडायच्या. "लोणचं आहे ते. मुरलंय. खा आणि सांग."

देताना पुस्तकात एक पट्टी घालायच्या. केळीच्या सोपाची, म्हणजे खोडाच्या सालीची, वाळलेली. आपल्याकडे गजरे बांधतात ना, तीच. घरची केळीची वाडी, सोपाला काय तोटा!
"इथपर्यंत वाच. नाही आवडलं तर परत आण, मी हूं की चूं करणार नाही. पुढे गेलीस तर पट्टी काढून टाक."

गोष्ट जिथे मानगूट धरते, त्याच्या जरा अलीकडे ती पट्टी असायची.
पट्टीसकट परत आलेलं पुस्तक आमच्या वेळी तरी मी पाहिलं नाही.

माझे बाबा गेले तेव्हा मी आठवीत होते. येईल तो म्हणायचा, धीर धर.
काकूंनी एक पुस्तक हातात ठेवलं. त्यातल्या मुलीचा बाप मरतो. ती कोणाचंच ऐकत नाही, घरातली भांडी फोडते.
मी पट्टीच्या पुढे गेले आणि बाबांसाठी पहिल्यांदा रडले.

म्हणून दिवाळीत रेवाला त्यांच्याकडे नेलं. माझीच लेक, तीही आठवीत. काकूंनी तेच पुस्तक दिलं. पट्टी नवी.

गेल्या आठवड्यात आम्ही दोघी हॉस्पिटलमध्ये भेटायला गेलो. काकूंचा आवाज पार खोल गेलेला. तरी विचारलंच,
"काय गं, गेलीस का पट्टीच्या पुढे?"
"हो आजी. मस्त आहे एकदम."
"हो? मग पुढे काय करते ती पोर?"
रेवा माझ्याकडे बघायला लागली.
काकू हसल्या. "नको, नको सांगूस. मला परत वाचायचंय ते. मजा जाईल."

रेवाला सांभाळून घेतलं त्यांनी. मला कळलं. रेवालाही कळलं.

आज अंत्यदर्शनाला गेले. वाचनालय बंद झाल्यावर काकूंनी सगळी पुस्तकं घरच्या पडवीत आणून ठेवली होती.
त्यांचा मुलगा म्हणाला, "ताई, यातलं काही हवं तर ने. नाहीतर रद्दीतच जायचंय."

सहज चाळली. वरची सगळी अलीकडे शेजारपाजारच्या पोरांना दिलेली, परत आलेली.
प्रत्येकात पट्टी होती. जागच्या जागी.

हे काकूंना दिसत नव्हतं? रोज दिसत असणार. तरी देत राहिल्या.

मोबाईलला शिव्या घालत नाही. ही पोस्ट त्याच्यावरच टाइप करतेय. पण "वाचनसंस्कृती पुन्हा बहरेल" वगैरे माझ्याच्याने लिहवणार नाही. काकूंना खोटं चालायचं नाही. एकदाच चालवून घेतलं, माझ्या लेकीसाठी.

घरी आले तर रेवा ते पुस्तक मांडीवर घेऊन बसलेली. डोळे सुजलेले. पट्टी आतच.
"वाच ना मग आता," मी म्हटलं.
"कोणाला सांगू आई, पुढे काय झालं ते?"

मी आहे की, असं म्हणायला हवं होतं. पण मला गोष्ट माहीत आहे. मला सांगण्यात काय मजा?

तिने पुस्तक मिटलं आणि शेल्फवर ठेवून दिलं.

काकू, तुमच्यामागे विचारणारं कोणी राहिलं नाही.
नीट जा. शेवटचा नमस्कार.