कुणी मरत नाही असं पुस्तक

गंगापूर रोडवरच्या एका वाचनालयात काउंटरमागे बसून मला बावीस वर्षं झाली. पुस्तकांचा कंटाळा आलाय असं म्हटलं की लोकांना वाटतं मी गंमत करते. हलवायाला पेढ्यांचा येतो तसाच तो येतो, आणि एकदा आला की जात नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या चिटणीसांनी दारात एक फळा आणून लावला. सभासद कमी होत चालले होते, म्हणून दर सोमवारी मी त्यावर 'या आठवड्याची ऊब' लिहायची असं ठरलं. ऊब म्हणजे मनाला त्रास न देणारं काहीही. बोलक्या मांजरीचं चहाचं दुकान, चेटकिणीची बेकरी, भुतांना जेवू घालणारी खानावळ, एखादी कोरियन मालिका, एखादा जपानी कार्टून सिनेमा. लोकांना ते फारच आवडलं. ऑफिसातून दमून आलेल्या मुली थेट फळ्यापाशी जायच्या आणि "मॅडम, असंच कोझी अजून काहीतरी द्या ना" म्हणायच्या. मी द्यायचे. खरं सांगायचं तर त्यातलं निम्मंही मी वाचलेलं नसायचं. मागचं कव्हर वाचायचं, पहिली दहा पानं चाळायची, फोनवर कुणी काय लिहिलंय ते बघायचं आणि खडू हातात घ्यायचा. घरी गेल्यावर मी पुस्तक उघडत नसे. भाजी निवडत टीव्ही बघत बसायचे, तोही आवाज बंद करून.

आमच्याकडच्या जुन्या वाचकांची एक खोड आहे. पुस्तक आपलं वाचून झालंय हे पुढच्या वेळी लक्षात यावं म्हणून ते आत पेन्सिलीनं खूण करून ठेवतात. कुणी फुली मारतं, कुणी चांदणी काढतं. एक काकू नेहमी एकतिसाव्या पानावर टिकलीएवढा गोल काढतात. त्यांचे यजमान शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात इवलासा पतंग काढायचे, तोही पुस्तक पुरतं वाचून झाल्यावरच. परत आलेल्या पुस्तकातल्या खुणा खोडरबरानं खोडायच्या, असा आमचा नियम आहे. तो मी पाळायचं सोडून बरीच वर्षं झाली. कोण बघतंय?

हे पतंगवाले काका कडक होते. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, आणि वाचायचे ते फक्त इतिहास, तोही जाडजूड. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि ते अंथरुणाला खिळले. डोळ्यांपुढे अक्षरं ठरेनात. मग काकू त्यांना रोज वाचून दाखवू लागल्या.

हिवाळ्यात एका दुपारी काकू आल्या आणि फळ्याकडे बघत म्हणाल्या, "अगं, ह्यातलं काहीतरी दे. लढाया पुरे झाल्या आता. डॉक्टरांनी परवा मला बाहेर बोलावून सांगितलं, आता दवाखान्यात ठेवण्यात अर्थ नाही, घरीच राहू द्या. ह्यांना मी बोलले नाहीये. एकच बघ, ज्यात कुणी मरत नाही असं दे."

माझे गुडघे दुखत होते. मी खुर्चीतून उठलेसुद्धा नाही. मागच्या रॅकवर हात नेला आणि हाताला लागलं ते पिवळ्या कव्हरचं जुनं पुस्तक काढलं. छत्र्या दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या राक्षसाची गोष्ट. हा राक्षस बादलीनं चहा पितो, गावातल्या मोडक्या छत्र्या मांडीवर घेऊन शिवतो आणि प्रत्येकीत एकेक बारीकशी जादू घालून देतो.

"नक्की कुणी मरत नाही ना?"

"नाही हो काकू. एकदम गोड आहे."

मी दहाच पानं वाचली होती.

दहा दिवसांनी काकू परत आल्या. पुस्तक काउंटरवर ठेवलं आणि विचारलं, "तू हे वाचलंयस?"

मी नोंदवही पुढे ओढली.

"शेवटी तो राक्षस झोपतो गं. सकाळी लोक छत्र्या घेऊन येतात, तर घर नाही, राक्षस नाही, नुसता एक डोंगर. मला पुढची ओळ दिसत होती आणि हे माझ्या तोंडाकडे बघत होते."

मला इतकी लाज वाटली की त्यांच्याकडे बघवेना. आयुष्यभर लोकांना पुस्तकं दिली, आणि ज्या एका माणसानं काहीतरी नेमकं मागितलं त्याला मी हाताला लागेल ते दिलं.

"मग काय केलंत?"

"काय करणार? मनाचंच लावलं काहीतरी. म्हटलं, सकाळी राक्षस उठला, चहाचं आधण ठेवलं, तर दारात गिऱ्हाईक हजर. शेवटचं पान मी उघडलंच नाही. पण आता हे रोज विचारतात, पुढे कुणाची छत्री आली? परवा दिंडोरीच्या द्राक्षबागेतून एक बाई आणली, फवारणीच्या औषधानं भोकं पडलेली छत्री घेऊन. काल पेठच्या घाटातला एसटीचा कंडक्टर आणला. आता सुचत नाही गं मला. ह्याचा दुसरा भाग असला तर बघ ना."

त्या पंख्याखाली बाकावर टेकल्या. मी कॉम्प्युटरवर शोधलं. दुसरा भाग नव्हताच. मग कधी नव्हे ते मी शेवटचं प्रकरण उघडलं आणि उभ्यानंच वाचलं. डोंगर आला. डोंगरावर गावकऱ्यांनी छत्र्या उघडून ठेवल्या. गोष्ट संपली, आणि शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात, पुसट पेन्सिलीनं काढलेला, शेपटीसकट पतंग होता.

तेव्हा मला आठवलं. काका कधीकधी काउंटरवर जाड पुस्तकाखाली एखादं बारकं पुस्तक ठेवायचे. "नातवासाठी," असं मी न विचारताच सांगायचे. नातू कॅनडात वाढलेला, त्याला मराठी वाचता येत नाही. हे मला माहीत होतं, पण त्यावर विचार करायचा मी कंटाळा केला होता.

म्हणजे डोंगर येणार हे काकांना पहिल्या पानापासून माहीत होतं. बायको थांबली ते त्यांनी बघितलं, राक्षस सकाळी उठला तेही ऐकलं, आणि पुढे कुणाची छत्री आली म्हणून विचारलं.

"सापडला का?" काकूंनी बाकावरूनच विचारलं.

"दुसरा भाग नाहीये, काकू. तुम्ही सांगताय तेच सांगा. त्यांना तेच आवडलंय."

"मग हेच पुन्हा दे. हातात पुस्तक नसलं तर त्यांना संशय येईल."

ड्रॉवरमध्ये खोडरबर होतं. ते मी हातात घेतलं. पतंग तसाच राहिला तर एक ना एक दिवस काकूंना दिसेल. ह्यांना काही कळत नाही या एका समजुतीवर त्या उभ्या होत्या, आणि ती समजूत मोडायचा मला काय अधिकार? पण खोडायला हात धजेना. काका दुसरी खूण काढू शकणार नव्हते. मी खोडरबर परत ठेवलं, तारखेचा शिक्का मारला आणि पुस्तक त्यांच्या हातात दिलं.

काका उन्हाळ्यात गेले. पुस्तकाची मुदत केव्हाच उलटून गेली होती, पण मी आठवणीचा फोन केला नाही. महिन्याभरानं काकू आल्या, पिशवीतून पिवळं पुस्तक काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

"आता कसं देऊ?" असं मी विचारायच्या आत त्या स्वतःच म्हणाल्या, "कसलंही दे. मेलं कुणी तरी चालेल."

मी उठले. रॅकपाशी जाऊन बराच वेळ शोधलं आणि मी स्वतः शेवटपर्यंत वाचलेलं एक पुस्तक त्यांना दिलं. त्या जिना उतरून गेल्यावर पिवळं पुस्तक उघडलं. एकतिसाव्या पानावर काहीच खूण नव्हती. शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात, पतंगाला अगदी खेटून, टिकलीएवढा गोल काढलेला होता.